चांदण्यातली तूट

सोनकांबळे सरांच्या मुलीचं लग्न अमावस्येला झालं. पत्रिकेत तसं छापलं नव्हतं, नुसती तारीख होती. पण आमच्या बापूंनी पत्रिका हातात घेतली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "अगं, ही तर अवस हाय. अवसेला कुणी लगीन लावतं व्हय?"

"ते लोक मुहूर्त बघत नाहीत, बापू."

"नका बघू म्हणावं. पण हुडकून अवसच काढायची म्हंजे जरा जास्तच झालं की."

हुडकूनच काढली होती. त्यात धर्माचं काही नव्हतं, कामाचं होतं. अमावस्येच्या आगेमागेचे दिवस सोडले तर सरांची रात्र मोकळी नसायची. नवरदेवाकडची मंडळी उदगीरची. व्याही भले माणूस. जेवताना म्हणाले, "सर, पौर्णिमा धरली असती तर बरं झालं असतं. आपल्यात पौर्णिमेला मान असतो." सरांनी हात जोडले. "पाव्हणे, मान मीही देतो. पण पौर्णिमेला मला ड्यूटी असते." लोक हसले. पुढं बरेच दिवस उदगीरकडं असा समज होता की सुनेचे वडील नांदेडला रात्रपाळीचे वॉचमन आहेत.

सर नांदेडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर लागले. गाव आमचं लोह्याच्या पलीकडं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारता सांगते, आताही सांगितलं. सरही त्यांच्या घरातले पहिले. पण ते सांगायचे नाहीत. त्यांच्या अंगठ्यावरून कळायचं.

या अंगठ्याची गोष्ट अशी. आभाळात चंद्र दिसला की सर असतील तिथं थांबायचे. एक डोळा मिटून हात लांब करायचे आणि अंगठ्याच्या पेरानं चंद्र बरोबर झाकून टाकायचे. मग अंगठ्याच्या कडेनं किती उजेड सांडतो ते बघायचे. हवा स्वच्छ असली तर चंद्र झाकल्यावर कडेला काळं आभाळ राहतं. हवेत धूळ, धूर असला की अंगठ्याभोवती दुधट, मळकट उजेड पसरतो. भाजी घेताना, ऑटोत बसताना, एकदा तर एका सहकाऱ्याच्या वडिलांना स्मशानात पोचवून परत येताना मी त्यांना हे करताना बघितलंय. पोरं म्हणायची, "सर चांदोबाला अंगठा दाखवतात." सरांच्या कानावर ते गेलं होतं. वर्गात एकदा म्हणाले, "माझ्या बापानं जन्मभर कागदावर अंगठा लावला. मी चंद्रावर लावतो. एवढीच प्रगती." पोरं हसली. सर नाही हसले.

कॉलेजच्या गच्चीवर एका प्रकल्पातून आलेलं यंत्र होतं. मोटरवर फिरणारी एक नळी. दिवसा तिचं तोंड सूर्याकडं, रात्री चंद्राकडं. वरून जेवढा प्रकाश यायला पाहिजे तेवढा खाली पोचत नाही. मधल्या हवेत धूळ असते, धूर असतो, पाचट पेटवल्याची काजळी असते, त्यात तो अडतो. यायला किती हवा होता आणि आला किती, यातल्या फरकावरून हवेत काय तरंगतंय ते काढायचं. दिवसाचं काम सोपं. रात्रीचं अवघड, कारण चंद्र रोज वेगळा. आजच्या कोरीतून किती प्रकाश यायला पाहिजे, हेच आधी हिशोबानं काढावं लागतं. मी पहिल्यांदा गच्चीवर गेले तेव्हा सर म्हणाले, "हे बघा केंद्रे मॅडम, सूर्य परमनंट आहे. रोज तेवढाच. चंद्र तुमच्यासारखा, तासिका तत्त्वावर. आज एवढा, उद्या तेवढा, आणि महिन्यातले काही दिवस कामच नाही."

मला राग आला होता. मग हसूही आलं. बोलले ते खोटं नव्हतं.

त्या फरकाला सर 'तूट' म्हणायचे. पेपरात दुसरा शब्द लिहायचे, तोंडात मात्र तूट. "आज तूट लई आहे मॅडम, कुठं तरी पाचट पेटवलंय." मोठ्या यंत्राशेजारी त्यांनी स्वतःचा एक पाइप उभा केला होता. नळाच्या कामाचा साधा प्लास्टिकचा पाइप, आतून काळा रंग दिलेला, बुडाशी प्रकाश मोजायचा सेल आणि त्याला जोडलेला मीटर. मोठं यंत्र आपोआप चालायचं, त्याला कुणाची गरज नव्हती. तरी सर चंद्र असेल त्या रात्री गच्चीवर यायचेच, पाइप हातानं चंद्रावर धरायचे आणि मोजायचे. मोठ्या यंत्राला जमत नाही ते त्यांना पाहिजे होतं. हवा फार गढूळ झाली की ते यंत्र माप टाकून देतं, त्या मापावर भरवसा ठेवत नाही. सरांना नेमकी तीच गढूळ हवा हवी असायची. वावटळ आली, कुठं कचऱ्याचा डोंगर पेटला, खडी फोडायच्या मशीनचा लोट उठला, की सर पाइप घेऊन तयार.

मी गच्चीवर जायला लागले तशी त्यांनी बायकोला बरोबर आणायला सुरुवात केली. एकट्या बाईमाणसाला रात्री गच्चीवर अवघड वाटू नये म्हणून. मला तसं काही म्हणाले नाहीत. एके दिवशी सुमनताई जिना चढून आल्या. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात धपाट्यांचा डबा. सतरंजी अंथरून बसल्या आणि चांदण्यात भाजी निवडायला लागल्या. त्याही नवऱ्याला 'सर'च म्हणायच्या.

"सर, तुमच्या चांदाला खायला लागत न्हाई, आम्हाला लागतं. या आता."

"एक माप राहिलंय."

"ऐका! लग्नाला इतकी वर्षं झाली, एक माप राहिलेलंच हाय." मग माझ्याकडं वळून, "सवत असती तर झिंज्या धरून वढली असती गं. ह्या सवतीला कुठनं धरू? टकली हाय."

सरांचे खांदे हलले, म्हणजे हसले. मोठ्यानं हसताना मी त्यांना कधी बघितलं नाही. आवाजही बारीक. डोक्यावरचे केस विरळ, शर्ट पांढरा, खिशाला खडूचा डाग. घरं फार लक्ष देऊन बघायचे. रस्त्यानं चालताना एखाद्या घरासमोर थांबून दार, खिडकी, ओटा नीट न्याहाळायचे. एकदोनदा घरातल्या बायकांनी "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं, तेव्हा मीच पुढं होऊन काहीतरी सांगितलं. मला ही सवय विचित्र वाटायची. तिचा अर्थ पुढं कळला.

एकदा सर वायर बघायला खाली गेले होते. मी ताईंना सहज म्हटलं, "सरांचं हे काम छापून आलं तर प्रदूषणवाल्यांना उपयोग होईल."

ताईंनी मेथीची काडी मोडली. "तुला हे प्रदूषणाचं काम वाटतं व्हय? हे छबूचं काम हाय."

छबू सरांची धाकटी बहीण. सर किल्लारीचे. त्र्याण्णवला भूकंप झाला तेव्हा ते लातूरला शिकत होते, गणपतीसाठी गावी आले होते. विसर्जनाची रात्र होती, त्यामुळं चंद्र जवळजवळ पुरा. छबू गावातल्या एका मोठ्या घरी कामाला जायची. त्या दिवशी तिथं जेवणावळ होती, भांडी फार. उशीर झाला तशी मालकीण म्हणाली, आता कुठं जातीस, मागच्या पडवीत पड. पहाटेच्या आधी जमीन हलली. सरांचं घर गावाबाहेरच्या वस्तीत, कुडाचं आणि पत्र्याचं. ते पडलं तरी कुणाला मारण्याइतकं जड नव्हतं. गावातली घरं दगडमातीची, भिंती हातभर नव्हे, दोन-दोन हात रुंद. ती माणसांसकट बसली. सर धावत गावात गेले. मागची वाट दगडांनी बुजली होती म्हणून समोरच्या गल्लीनं शिरले. धूळ इतकी की चंद्र दिसेना. त्यांनी एक ढिगारा हातानं उकरायला घेतला आणि उजाडेपर्यंत उकरत राहिले.

"उजाडल्यावर कळलं," ताई म्हणाल्या, "ते शेजारचं घर हुतं. छबू एक भिंत पलीकडं हुती."

जिन्यात पावलं वाजली. सर वर आले, आमच्या तोंडांकडं बघितलं. "सांगितलंस?"

"हाव, सांगितलं. कवातरी कळणारच हाय."

सरांनी पाइपचं झाकण काढलं. मग माझ्याकडं न बघता बोलले. "माझा एकच प्रश्न आहे, मॅडम. तेवढ्या धुळीत पौर्णिमेचा चंद्र घर ओळखण्यापुरता दिसायला पाहिजे होता, की नाही? दिसत नव्हता असं निघालं तर दोष धुळीचा. दिसत होता असं निघालं, तर मी भ्यालो, गडबडलो आणि चुकीच्या ठिकाणी हात घातला. एवढंच काढायचंय. पेपर-बिपर ठीक आहे."

त्यानंतर मी त्यांच्या त्या पाइपाला कधी हसले नाही.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या वाटेवरचं एक जुनं गोदाम रस्तारुंदीत पाडायचं ठरलं. निजामाच्या काळातलं, दगडमातीचं, पांढऱ्या मातीत बसवलेल्या जाड भिंतींचं. सर रोज त्याच्यासमोरून पायी यायचे. ही बातमी ऐकली आणि त्यांच्या चालण्यात फरक पडला. ते पाडायचं काम घेतलेल्या मुकादमाला गाठायला आम्ही दोघं गेलो. सलीम मुकादम जेसीबीच्या सावलीत चहा पीत होता.

"सर, दिन में गिराते ना. रातको कायकू?"

"चांद वर असताना पाडा. एकच भिंत. बाकीचं दिवसा पाडा."

"चांद?" मुकादमानं कप खाली ठेवला. "ईद तो हो गई, सर."

"माझी व्हायचीय अजून," सर म्हणाले.

मुकादम त्यांच्याकडं बघत राहिला. काय समजला कोण जाणे. "ठीक है," म्हणाला, "लेकिन दूर खड़े रहना."

पौर्णिमेच्या अलीकडची संध्याकाळ. जेवणवेळ झाली होती, चंद्र बराच वर आला होता. भूकंपाच्या रात्री तो पश्चिमेकडं जेवढा उरला होता तेवढाच वर, फक्त उलट्या अंगाला. हे सरांनी आधी काढून ठेवलं होतं. पाइप मी धरला होता, मीटर सरांकडं. मुकादमानं जेसीबीचे दिवे बंद करायला लावले. भिंत आधी कण्हल्यासारखी वाजली, मग एकदम बसली.

धूळ कशी येते हे मला माहीत होतं असं वाटायचं. मी शेतातली आहे, फुफाट्यात वाढले. पण ही धूळ वेगळी होती. ती उडाली नाही, उठून उभी राहिली. चंद्र आधी पिवळा झाला, मग तांब्यासारखा, मग नव्हताच. तोंडात जुन्या मातीची चव आली. सरांचा अंगठा वर गेला नाही. झाकायला काही उरलं नव्हतं.

आणि सर शेजारी नव्हते. मीटर जमिनीवर ठेवून ते त्या धुळीत शिरले होते. "ओ सर! पत्थर गिरेगा! वापस आओ!" मुकादम ओरडत होता, मी हाका मारत होते. आतून दगड घरंगळल्याचा आवाज आला. नंतर चंद्राचा नुसता डाग दिसायला लागला, मळक्या कापसासारखा, आणि त्या उजेडात सर दिसले. गोदामाच्या दाराच्या उंबऱ्याशी उभे, चौकटीच्या दगडावर हात. केस, भुवया, शर्ट सगळं मातीनं पांढरं. मुकादमानं त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

ऑटोत बसल्यावर मी म्हटलं, "सर, माप आलंय. पण एका भिंतीची धूळ म्हणजे आख्ख्या गावाची धूळ नव्हे. यावरून काही निघणार नाही."

"माहीत आहे." मग भुवयांवरची माती पुसत, "मी आत शिरलो तेव्हा चंद्र होता का, मॅडम?"

"नव्हता, सर. काहीच दिसत नव्हतं."

"मग मी दारापाशी सरळ कसा गेलो?"

"रोजची वाट तुमची. रोज समोरून जाता."

 ऑटो पुलावरून गेला, खाली गोदावरी होती, तिच्यावर चांदणं पडलं होतं. सरांनी तिकडं बघितलंही नाही.

"त्या गल्लीनं मी समोरून कधी गेलो नव्हतो," ते म्हणाले. "आमच्या लोकांची वाट मागून. छबूला सोडायला, आणायला मीच जायचो. मागचं दार, भांड्यांची मोरी, पडवीचं छप्पर, लिंबाचं झाड. त्या गल्लीतलं एकेक घर मला पाठीकडून माहीत होतं. तोंडाकडून एकही नाही. त्या रात्री समोरून शिरलो आणि मला कळेना, कुठलं कुठलं." हाताला लागलेली माती ते दुसऱ्या हातानं चोळत होते. "इतकी वर्षं मी चंद्रावर संशय घेतला. चंद्र असता तरी मी तिथंच उकरलं असतं."

 आमच्या गावालाही अशी मागची वाट आहे. तिच्याबद्दल मी कधी विचार केला नव्हता, कारण आमचं येणंजाणं समोरूनच.

दुसऱ्या दिवशी सरांनी पाइप ताईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून विभागातल्या कपाटावर टाकला. गच्चीवरचं मोठं यंत्र चालू राहिलं, आजही चालू आहे. सर शिकवत राहिले, पहिल्यापेक्षा बरं शिकवायचे असंही काही पोरं म्हणत. पण वर बघायचे सोडले. मला वाटलं होतं, डोक्यावरचं ओझं उतरलं की माणूस मोकळा होतो. सर मोकळे झाले नाहीत, रिकामे झाले. चूक आपली असती तर तिला धरून बसता आलं असतं. धुळीची असती तर तिला मोजत बसता आलं असतं. ताई एकदा मला म्हणाल्या, "आता पुनवंलाबी घरी असतात. टीव्हीसमोर बसतात, टीव्ही बंद असतो. मी म्हणलं, जावा की गच्चीवर, मी मेथी आणते. म्हणले, मोजायचं काय आता?"

मला लातूरला कायमची नोकरी लागली तेव्हा सरांचा फोन आला. "आता सूर्य झालात, मॅडम. रोज तेवढंच उगवायचं." आवाजात तो जुना सूर क्षणभर आला आणि गेला.

सर गेल्या थंडीत गेले. झोपेत, त्रास न होता, असं ताई म्हणाल्या. मी नांदेडला पोचले तोवर सगळं उरकलं होतं. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, वैशाखी पौर्णिमेला, किल्लारीत. त्यांच्या पुतण्यानं नव्या गावात घर बांधलं होतं. ताईंनी मला लातूरहून बोलावून घेतलं. वंदना झाली, खीर झाली. ऊन उतरल्यावर सर चप्पल घालून माझ्याजवळ आले. "जुन्या गावठाणात येता का? मी भूकंपानंतर गेलो नाही कधी."

ताई नको म्हणाल्या नाहीत. आमच्यामागून त्याही आल्या.

जुन्या गावात आता गाव नाही. वेड्या बाभळी, दगडांचे ढीग, कुठं जोत्याची ओळ, कुठं उंबरा. गल्ली मात्र कळते, कारण दोन्हीकडं जोती आहेत आणि मधे मोकळं. आम्ही समोरच्या बाजूनं आत गेलो. सर प्रत्येक जोत्यापाशी थांबत होते, रस्त्यातल्या घरांपाशी थांबायचे तसेच. एका ठिकाणी उभे राहिले. दाराच्या दोन पायऱ्या शाबूत होत्या, वर उंबऱ्याचा दगड, पुढं नुसतं गवत. "हे मी उकरलेलं," म्हणाले. मग बोट शेजारी नेलं. "आणि छबू होती ते हे." त्याच्याही पायऱ्या तशाच शाबूत होत्या.

मागून ताईंचा आवाज आला. "जावा की वर. आता कोण अडवतंय?"

पूर्वेकडं चंद्र निघाला होता, मोठा, लालसर, क्षितिजावरच्या धुळीतून वर येत असलेला. माझा हात आपोआप लांब झाला आणि अंगठा वर गेला. सरांचा गेला नाही. त्यांनी त्या दुसऱ्या घराच्या पायऱ्यांकडं बघितलं, चप्पल काढून हातात घेतली. मला वाटलं, चढतात.

भिंत नव्हती. दार नव्हतं. अडवायला एक काटकी नव्हती. सर पायऱ्यांपासून मागं सरले, जोत्याच्या कडेकडेनं, बाभळीचे काटे चुकवत, पूर्ण वळसा घालून मागच्या बाजूला गेले आणि तिथून आत आले.